ढकलपास

४ मार्च

चक्रम,

तुझं पत्र पोचलं. आठ पानांपैकी सहा पानं रडण्यात गेली आहेत आणि शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. त्या लाल शाईने दुरुस्त करून तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. आशीर्वाद नेहमीचेच, ते गृहीत धर.

काय झालं ते एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस. मी पाण्याच्या रांगेत उभी होते. माझा सातवा नंबर होता. तोफगोळा रस्त्याच्या पलीकडे पडला आणि त्याचा एक तुकडा माझ्या पाठीत शिरला. कमरेखाली मला आता काही कळत नाही, आणि यापुढेही कळणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पाच महिने हॉस्पिटलात काढून गेल्या सोमवारी घरी आले. रांगेत माझ्या पुढे जे सहा जण होते, त्यांच्यातले दोनच उरले. तेव्हा माझ्यासाठी सहा पानं रडू नकोस.

आता कामाचं. मदत पथकाने मला चाकांची खुर्ची दिली आहे. खुर्ची कसली, नाकापेक्षा मोती जड. तिची रुंदी सत्तावीस इंच. आपल्या स्वयंपाकघराचं दार सव्वीस इंच, संडासाचं चोवीस. म्हणजे मी बाहेरच्या खोलीत बसून स्वयंपाकघराकडे बघायचं. रोज सकाळी शेजारच्या काकू आणि त्यांची सून मला उचलून संडासात नेतात. दोघी इतक्या प्रेमाने करतात की मला तक्रारसुद्धा करता येत नाही. बेचाळिसाव्या वर्षी हे सोसत नाही, एवढंच तुला सांगते.

शाळा एक जूनला उघडते आहे. मोठ्या बाई भेटायला आल्या होत्या. मी माझी चौथी परत मागितली. त्या म्हणाल्या, ''तुम्ही कार्यालयात बसा, रजिस्टरं सांभाळा.'' त्यांचंही चुकत नाही. तह झाला असला तरी भोंगा कधीही वाजू शकतो. वाजला की चार मिनिटांत वर्ग पटांगण ओलांडून व्यायामशाळेत न्यायचा असतो, तिथल्या भिंती जाड आहेत. मोठ्या बाईंनी मला सरळ विचारलं, ''मुलांना तुम्ही आणाल हो, पण तुम्हाला कोण आणणार?'' पहिल्या दिवशी भोंग्याचा सराव आहे. त्यात जमलं तर चौथी माझी, नाहीतर रजिस्टरं.

तू सायकलींचा डॉक्टर. मला एक खुर्ची बांधून दे. मापं घे: बसल्यावर कमरेची रुंदी साडेचौदा इंच, गुडघ्यापासून टाचेपर्यंत सोळा, पाठीचा आधार काखेच्या चार बोटं खाली. एकूण रुंदी तेवीसच्या वर जाता कामा नये. वजन कमी. आणि मागे ढकलायच्या दांड्या नकोत.

तुझी
ताई


१५ मार्च

प्रिय ताई,

माझं पत्र लाल होऊन परत आलं ते बघून सायकलच्या दुकानातले सगळे हसले. बायको म्हणाली, ''चला, ताई ठीक आहेत.'' तुझ्या अकरा चुकांनी आमच्या घरात पाच महिन्यांनी कुणीतरी हसलं, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

मापं मिळाली. मालक सज्जन आहे, दुकान बंद झाल्यावर हवं तेवढं बांध म्हणाला. दोन जुन्या रेसिंग सायकली उघडल्या आहेत. त्यांच्या नळ्या हलक्या असतात आणि चिवट असतात. चाकं चोवीस इंची घेतोय, स्पोक सगळे नवे. हाताने फिरवायची कडी बाहेरून लावतो आहे, तिला मऊ रबर गुंडाळतो, म्हणजे तळव्याला फोड येणार नाहीत. बसायचं कापड बायको शिवते आहे, तिहेरी शिवण.

दांड्यांचं मात्र मनाला लागलं. ढकलायला आहेच कोण, असंच तुला म्हणायचं असणार. खरं आहे तुझं. आम्ही दोघं लढाई लागायच्या आधी दोन महिने निघून आलो. तू म्हणालीस, चौथीची परीक्षा झाली की येते. मी थांबायला हवं होतं, नाहीतर तुला बखोटीला धरून आणायला हवं होतं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. आता माणसांची वाहतूक बंद, नुसते मदतीचे ट्रक जातात. इथे बसून मी उंटावरून शेळ्या हाकतो. पण ताई, रस्ता उघडेल. मी येईन. तेव्हा तुला कुठेही न्यायचं झालं तर धरायला काहीतरी नको का? दांड्या राहू देत ना.

तुझा
चक्रम

ता.क. शुद्धलेखन बायकोकडून तपासून घेतलं आहे.


२६ मार्च

चक्रम,

बायकोने सात चुका ठेवल्या आहेत. तिला सांग, पहिल्या पत्राच्या मानाने प्रगती आहे.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी दांड्यांबद्दल लिहिलं आणि तू तुझ्या जाण्याबद्दल वाचलंस. तू गेलास ते मी सांगितलं म्हणून गेलास. तो विषय संपला. ढकलायला कोणी नाही ही माझी अडचण नाही. ढकलणारे फार झालेत, ही अडचण आहे.

तुला मागच्या पत्राच्या वेळचं सांगते. मदत पथकाच्या त्या सिंहासनावर बसून पोस्टात गेले होते, तुला लिहिलेलं पत्र टाकायला. पोस्ट उघडायला दहा मिनिटं होती म्हणून दारात थांबले. एक गृहस्थ आले, टोपी काढली, म्हणाले, ''थांबा हं बाई, मी आहे ना,'' आणि मी तोंड उघडायच्या आत मला रस्ता ओलांडून पलीकडे नेऊन ठेवलं. चांगलं काम केल्याच्या आनंदात ते निघूनसुद्धा गेले. पलीकडचा फुटपाथ उंच, खाली उतरता येईना. पोस्ट समोर उघडलेलं दिसत होतं. पाऊण तासाने दुसरे एक गृहस्थ आले. त्यांनी मला घरी नेऊन सोडलं. ते पत्र दोन दिवस उशिरा पडलं त्याचं कारण हे.

बाजारात लोक माझ्या दांड्यांना पिशव्या अडकवतात. बोलता बोलता त्यांच्यावर रेलतात. मी कुणाशी बोलत असले तर मला मधूनच वळवून दुसरीकडे तोंड करतात. सगळे चांगले लोक आहेत. फक्त कुणी विचारत नाही. दांडी दिसली की हात जातो.

तुला सातवीत गणितात ढकलपास केलं होतं, आठवतंय? दांड्या मारण्यात तू पटाईत, पेपर कोरा, पण मास्तरांना आपल्या वडिलांची दया आली. आठवीच्या पहिल्या दिवशी घरी आलास तेव्हा चेहरा उतरला होता. म्हणालास, ''ताई, मला वर चढवलं पण फळ्यावरचं काहीच कळत नाही.'' ढकलल्याचं दुःख तुला मी काय समजवायचं? तुला अजून अपूर्णांक येत नाहीत.

म्हणून दांड्या नकोत. ज्याला मला न्यायचं असेल त्याने आधी समोर येऊन विचारावं.

एक राहिलं. उशी. मला खाली कळत नसल्याने एका जागी बसून कातडी फाटते आणि मला पत्ता लागत नाही. हॉस्पिटलात शेजारच्या पलंगावरच्या बाईंना अशी मुठीएवढी जखम झाली होती. ही बाई बेकरी चालवायची. पाय गेले होते, पण हात असे की नर्सला दोन मिनिटांत वेणी घालून द्यायची. त्या जखमेने तिला तीन महिने पालथं झोपवून ठेवलं. पालथ्या पालथ्या तिने मला पाव फुगायचं शास्त्र शिकवलं. मी दर वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन स्वतःला उचलते, हे व्यायामवाल्या बाईंनी घोकून घेतलं आहे. पण साध्या फोमच्या उशीने भागणार नाही. काही सुचतंय का बघ.

ताई


१४ एप्रिल

प्रिय ताई,

खुर्ची आज ट्रकवर चढली. ड्रायव्हरला हात जोडून सांगितलं आहे की आडवी ठेवू नको, वर पोती टाकू नको.

उशी ऐक. सायकलच्या ट्यूबा शेजारी शेजारी वळवून शिवल्या आहेत, वरून कापडाची खोळ. हवा अर्धीच भर. गच्च भरलीस तर फुटबॉलवर बसल्यासारखं होईल. आपली पंक्चर शोधायची पद्धत माहीत आहे ना, बादलीत बुडवून बुडबुडे बघायचे. ठिगळं आणि सोल्यूशन पाकिटात घातलं आहे. उशीवर मी स्वतः चार दिवस बसून काम केलं. पाचव्या दिवशी मालक म्हणाला, आता मला बसू दे.

खुर्ची नुसतं बोट लावलं तरी पळते. वजन सिंहासनाच्या अर्धं. ब्रेक दोन्हीकडे. पाय ठेवायची फळी वर दुमडते. रुंदी बावीस आणि तीन चतुर्थांश. बघ, अपूर्णांक येतो मला.

ताई, तुझं पोस्टाचं वाचून मी आधी हसलो आणि मग दुपारभर माझ्याकडून एकही नट नीट बसला नाही. मी तुला ओळखतो असं समजत होतो. पाठीत लोखंड शिरलेलं माणूस उशीची, दाराच्या इंचांची आणि माझ्या वेलांटीची काळजी एकाच पत्रात करतं, हे मी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. मला तुझा अभिमान वाटतो. हे तोंडावर कधी म्हणता आलं नसतं, कागदावर म्हणतो.

आता रागावू नकोस. खुर्चीला दांड्या नाहीत. पण मी त्या बनवल्या आहेत आणि वेगळ्या कागदात बांधून पाठवल्या आहेत. कधी लागल्याच तर.

चक्रम


२५ एप्रिल

चक्रम,

खुर्ची मंगळवारी आली. एक ओरखडासुद्धा नाही.

पहिल्या दिवशी मी कुणाला बोलावलं नाही. खुर्चीवर सरकून बसले आणि स्वयंपाकघरात गेले. दोन्ही बाजूंना दीड दीड इंच जागा राहिली. दोन महिने काकू मला विचारत होत्या, काय हवं, आणि मी सांगत होते. त्या दिवशी मी अर्धा तास नुसते डबे उघडून बघितले. चहा केला. तो चांगला झाला नाही, पण दोन कप प्यायले. मग संडासात गेले. एकटी. दार लावून घेतलं. आतून कडी लावली, आणि तिथे बसून रडले. आनंदाने रडले, तेव्हा हे पत्र लाल शाईने परत पाठवू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आणि सून नेहमीच्या वेळी आल्या. मी दारातच चहाचे कप घेऊन बसले होते. काकू खुर्चीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ''तुझ्या भावाला म्हणावं, हात सोन्याचे आहेत.'' आपल्या भावाची इतकी स्तुती मला सहन होत नाही, पण निरोप पोचवते आहे.

दांड्यांचं पुडकं कपाटावर टाकलं आहे. तुझा स्वभाव, औषध नाही.

शाळेने पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प बांधला आहे असं कळलं. येत्या रविवारी शाळा रिकामी असते. जाऊन बघून येते.

ताई


१२ मे

ताई,

पंचवीस एप्रिलच्या पत्रानंतर तुझं एकही पत्र नाही. ट्रक येतात, ड्रायव्हर म्हणतो शहरात सगळं शांत आहे. मग तू का गप्प आहेस? मी काही चुकीचं लिहिलं का? दांड्यांवरून रागावली असशील तर त्या मोडून भंगारात दे, मी काही म्हणणार नाही. दोन ओळी लिही. एकच लिही. चुका मोजून पाठव.

चक्रम


१४ मे

चक्रम,

तुझं पत्र यायच्या आधीच हे लिहिते आहे, कारण तू काळजीत असशील हे मला माहीत आहे. उजवं मनगट मुरगळलं होतं. पेन धरता येत नव्हतं. आता येतंय.

त्या रविवारी शाळेत गेले. रॅम्प दिसायला सुरेख आहे, गुळगुळीत, कडा सरळ. पायऱ्या तीन, सहा सहा इंचांच्या, म्हणजे अठरा इंच चढ. आणि रॅम्पची लांबी सहा फूट. बघताक्षणी मला गणित कळलं. गणित शिकवणाऱ्या बाईने तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण माझी चौथी त्या दरवाज्याच्या आत आहे. मी जोर लावला. निम्म्यावर गेले, आणखी जोर लावला, आणि पुढची छोटी चाकं उचलली गेली. खुर्ची मागे उलटली. मी पाठीवर पडले, पाय वर, आभाळाकडे तोंड. शाळा रिकामी. पन्नास मिनिटं तशी पडून होते. डोक्याला टेंगूळ आलं, मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. ज्या अर्ध्या अंगाचं काही झालं असतं ते मला कळलंच नसतं, म्हणून डॉक्टरांकडून तपासून घेतलं. ठीक आहे.

पन्नास मिनिटांनी रॅम्प बांधणारा गवंडीच आला, राहिलेली वाळू न्यायला. त्याने मला उचललं, खुर्ची उभी केली आणि बिचारा रडकुंडीला आला. मी विचारलं, रॅम्प इतका खडा का? म्हणाला, ''बाई, आम्ही मालाच्या हातगाडीसाठी असाच बांधतो. भरलेली हातगाडी चढते.'' मी म्हटलं, हातगाडी मागून दोन माणसं ढकलतात. म्हणाला, ''मग तुमच्या मागेही कुणी असेलच की.'' त्याला मी समजावत बसले नाही. मी पायरीवर सरकले आणि म्हटलं, खुर्चीत बसा, पाय वापरायचे नाहीत, चढून दाखवा. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. धिप्पाड माणूस, वीस वर्षं विटा उचललेले दंड. तीनदा निम्म्यातून मागे आला. चौथ्यांदा मीच खुर्ची धरली, नाहीतर तोही आभाळ बघत पडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुणी न सांगता आला आणि स्वतः बांधलेला रॅम्प स्वतः फोडला. मोठ्या बाई धावत आल्या. तो त्यांना म्हणाला, ''माझी चूक आहे, मी भरून देतो.'' मग आम्ही दोघांनी खडूने जमिनीवर आखलं. एक इंच चढायला बारा इंच लांबी, म्हणजे अठरा फूट. नऊ फूट सरळ, मध्ये वळायला सपाट जागा, पुन्हा नऊ फूट. तो रोज संध्याकाळी आपलं दुसरं काम आटोपून येऊन हा बांधतो. अशा माणसाला काय म्हणायचं मला माहीत नाही. मी त्याला अपूर्णांक शिकवते आहे. तुझ्यापेक्षा लवकर शिकतो.

मोठ्या बाईंना माझ्या पडण्याचं कळलं. त्या घरी आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ''सराव नावापुरता करू. मी घड्याळ बघणार नाही. चौथी तुमची.'' मन मोठं आहे त्यांचं. मी नाही म्हटलं. पटावर आधी त्रेपन्न मुलं होती, आता एकेचाळीस आहेत. त्या एकेचाळीस मुलांच्या बाबतीत मला ढकलपास चालणार नाही.

आता एक प्रश्न, खरं उत्तर दे. सिंहासनावरून मी कितीदा चढ चढले, ते कधी उलटलं नाही. ही खुर्ची का उलटली? तू काय केलं आहेस?

ताई


२१ मे

ताई,

मी केलं. तुझ्यापासून लपवलं.

मोठ्या चाकांचा अ‍ॅक्सल मी चार बोटं पुढे घेतला आहे. हॉस्पिटलच्या खुर्चीत तो पाठीच्या मागे असतो, म्हणून ती उलटत नाही, पण म्हणूनच ढकलायला जड जाते, आणि दारातून वळवताना खांदे भरून येतात. अ‍ॅक्सल पुढे घेतला की वजन चाकांवर येतं आणि खुर्ची बोटाने पळते. मला वाटलं, तुला लिहिलं तर तू घाबरशील. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. पन्नास मिनिटं तू आभाळाकडे तोंड करून पडलीस ती माझ्यामुळे. बायकोने हे पत्र वाचलं आणि म्हणाली, ''आता रडायचं पान लिहू नका, ताईंना उपाय लिहा.'' म्हणून उपाय लिहितो.

दोन उपाय आहेत. पहिला सोपा: अ‍ॅक्सल मागे घे. चार नट आहेत, पाना पाठवतो आहे. खुर्ची उलटणार नाही, पण जड होईल. सरावाची चार मिनिटं अवघड जातील.

दुसरा मला काल दुकानात सुचला. एक लहान मुलगी सायकल शिकायला आली होती, मागच्या चाकाला आधाराची छोटी चाकं लावलेली. बघता बघता डोक्यात आलं. ताई, कपाटावरच्या त्या दांड्या काढ. खुर्चीच्या खाली मागच्या बाजूला दोन उघड्या नळ्या आहेत, मी त्यांना टोपण लावलेलं नाही. दांड्या त्याच मापाच्या आहेत. त्या उलट्या करून, वाकलेलं टोक जमिनीकडे ठेवून नळ्यांमध्ये सारायच्या आणि टोकाला ही छोटी चाकं बसवायची. दोन पाठवतो आहे. जमिनीपासून दोन इंच वर राहतील. एरवी लागणारही नाहीत. खुर्ची मागे कलली की ती आधी टेकतील आणि तुला धरतील. अ‍ॅक्सल पुढेच राहील.

म्हणजे कुणी धरावं म्हणून मी बनवल्या त्या दांड्यांना आता कुणालाच हात लावता येणार नाही. तुला हे आवडेल असं वाटतं.

कुठला उपाय करायचा ते तू ठरव. मी ठरवून एकदा चुकलो आहे. दहा जूनपासून बस सुरू होते म्हणतात. मी पहिल्या बसने येतो आहे, पण सराव एक तारखेला आहे. तेव्हा मी नसेन, आणि माझा जीव टांगणीला लागेल. तू पडलीस तरी मला लिही. न लिहिता राहू नकोस.

चक्रम


२ जून

चक्रम,

दुसरा उपाय केला. गवंड्याने नळ्या धरल्या, नट मी आवळले. मग नव्या रॅम्पवर तो मागे चार हात लांब उभा राहिला, हात खिशात घालून, कारण मी सांगितलं होतं. मी मुद्दाम जोर लावून खुर्ची मागे कलंडवली. छोटी चाकं टेकली आणि खुर्ची थांबली. दहा वेळा केलं. अकराव्या वेळी भीती वाटली नाही. तू लपवलंस त्याबद्दल रागावले होते, ते तेवढ्यात संपलं. पुन्हा मात्र माझ्या भीतीचा हिशोब तू परस्पर करू नकोस.

आता काल.

सकाळी वर्गात गेले तेव्हा एकेचाळीस मुलं उभी राहिली. मला बघून काही बसली, काही उभीच राहिली, एकाने विचारलं, ''बाई, ब्रेक कुठे आहे?'' तो दाखवला. मग सगळ्यांना तो ओढून बघायचा होता. पहिला तास त्यातच गेला. ती मुलं वर्षभर काय काय बघून आली आहेत, पण ब्रेकसाठी रांग लावताना ढकलाढकली करत होती. मला फार बरं वाटलं.

साडेदहाला भोंगा वाजला. सराव आहे हे ठाऊक असूनही मुलांचे चेहरे पांढरे पडले. मी दोन दोनची रांग लावली. मोठ्या बाई व्यायामशाळेच्या दारात घड्याळ घेऊन उभ्या होत्या. नियम असा आहे की बाईंनी सगळ्यात शेवटी निघायचं, वर्ग रिकामा बघून. चाळीस मुलं बाहेर गेली. एक मुलगी बाकावरच बसून होती.

ती या वर्षी नवीन आली आहे. नऊ वर्षांची आहे. डावा पाय गुडघ्याखाली नाही. तिला कृत्रिम पाय दिला होता. पण मुलं वाढतात, दिलेला पाय वाढत नाही. तो आता आखूड पडतो आणि आत सोलपटतं, म्हणून ती कुबड्यांवर चालते. नवीन पायाच्या यादीत तिचा नंबर लागायला सात महिने आहेत. दोन मोठी मुलं तिला उचलायला पुढे झाली होती, तर तिने बाक घट्ट धरून ठेवला होता आणि त्यातल्या एकाला चावली होती. मुलं पुढे पळाली. कुबड्या भिंतीशी पडलेल्या. एक मिनिट गेलेलं.

मला तिला ओढून घेता आलं असतं. माझ्या दंडात आता तेवढी ताकद आहे. खरा भोंगा असता तर मी ओढलंच असतं, हेही तुला सांगते. पण सराव होता, आणि ज्या बाकाला ती धरून बसली होती तो मला समजत होता. मी खुर्ची तिच्यासमोर नेली, ब्रेक लावला आणि विचारलं, ''माझ्या मांडीवर बसून येतेस का?''

तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. भोंगा वाजतच होता. तिला घाई नव्हती.

म्हणाली, ''ढकलणार कोण?''

म्हटलं, ''मीच.''

तिने वाकून खुर्चीच्या मागे खरंच कुणी नाही ना ते बघून घेतलं. मग म्हणाली, ''मग बसते.''

कुबड्या तिने आडव्या धरल्या. रॅम्पवर मी दोन्ही कड्या हातांत घासत वेग आवरला, तळवे भाजले. सपाट जागेवर वळलो, पुन्हा उतरलो. पटांगणात ती मला म्हणाली, ''बाई, जोरात.'' मी जोर लावला. खडीत चाक रुतलं तेव्हा तिनेच एक कुबडी जमिनीला टेकून रेटा दिला. मी तिला सांगितलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. तीन मिनिटं बावन्न सेकंद. त्यांनी मुलं मोजली, एकेचाळीस. मग माझ्या मांडीवरच्या मुलीकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. मार्चमध्ये त्यांनी मला विचारलं होतं, तुम्हाला कोण आणणार. तो प्रश्न त्यांनी परत विचारला नाही. त्यांनी चौथीचं हजेरीपुस्तक माझ्यापुढे धरलं. ते घ्यायला माझे हात मोकळे नव्हते, म्हणून तिने घेतलं.

ताई